सात पिढ्यांचं पत्र

"कलरफुल नेटिव्ह ड्रेस!" मधुवंती बाजूच्या फाटकातून आत येता येताच ओरडली. "तेजू, हे वाच. मोठ्याने वाच. मला कलरफुल नेटिव्ह ड्रेस घालायला सांगतायत!"

तेजश्रीच्या एका हातात सुतळी होती आणि दुसऱ्या हातात बांबूची काठी. तुळशीच्या लग्नाला मेलबर्नजवळच्या वेरिबीत ऊस कुठून आणायचा? टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावतात त्या काठ्या हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या होत्या आणि हिरवा कागद गुंडाळून त्यांनाच ऊस म्हणायचं ठरलं होतं. देव समजून घेतो. नणंद आज काही समजून घेईल असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं.

लॉकडाऊननंतर घरी पंधरा माणसं बोलवायची परवानगी सरकारने देऊन सहाच दिवस झाले होते. मधुवंतीचं फूटस्क्रे ते वेरिबी अंतर ते केवढं. पण पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही या नियमापायी बहीण-भावांनी जुलैपासून एकमेकांना पडद्यावरच पाहिलं होतं. इतक्या महिन्यांनी भेटलेला माणूस आधी कसे आहात विचारतो, आईच्या पाया पडतो, निदान भाचीचा गालगुच्चा घेतो. मधुवंतीने यातलं काहीएक केलं नाही. तिने फोन तेजश्रीच्या नाकासमोर धरला.

पत्र आयर्लंडहून, किलमोरा गावच्या संगीत समितीच्या चिटणीस फिडेल्माबाईंचं होतं. आनंदाने नुसतं उतू जात होतं. तुम्ही सात पिढ्यांच्या मंदिर-वादकांच्या घराण्यातल्या आहात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! तेव्हा समितीने एकमताने ठरवलं आहे, की तुम्हाला मेलबर्नच्या गटात न बसवता 'जगभरचे मित्र' या भागात स्वतंत्र दहा मिनिटं द्यावीत. आपल्या देवळातलं काहीतरी वाजवा. कलरफुल नेटिव्ह ड्रेस असेल तर फारच छान. गटातली तुमची जागा बॅलरॅटचा शेमस घेईल, त्याचे आजोबा आमच्याच गावचे.

"शेमस!" मधुवंती म्हणाली. "शेमसला फिडल कुठल्या बाजूने धरायचं ते माहीत नाही. तो त्यांचा डफ वाजवतो. तोही असा, की कोणी गादी झोडपतंय."

"पण हे रेकॉर्डिंग तर उद्याच आहे ना?"

"उद्या सकाळी नऊला. आमच्या गटातल्या बर्नीच्या गराजमध्ये. डोनलसाठी."

डोनलचं नाव आल्यावर तेजश्रीने काठी खाली ठेवली. डोनल हॅनराहन म्हणजे फूटस्क्रेचा म्हातारा गोदी कामगार. चौदा वर्षांपूर्वी मधुवंती युनिव्हर्सिटीत शिकायला आली, तेव्हा त्याच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली. दर गुरुवारी त्याच्या स्वयंपाकघरात किलमोराची पाच माणसं व्हायोलिनसारखं फिडल, बासरी, अकॉर्डियन घेऊन जमायची. गटाचं नावच 'किलमोरा फाइव्ह'. पहिल्या वर्षी मधुवंतीने त्यांना चहा दिला, दुसऱ्या वर्षी डोनलने तिच्या हातात फिडल दिलं, आणि आठव्या वर्षी पाचांपैकी एक वारल्यावर ती त्याच्या खुर्चीवर बसली. फाइव्हचे फोर झाले नाहीत ते तिच्यामुळे.

ऑगस्टमध्ये डोनल वृद्धाश्रमात कोविडने गेला. खिडकीबाहेर उभं राहून वाजवू का म्हणून मधुवंतीने विचारलं, तर आश्रमवाले गर्दी होईल म्हणाले. एका बाईची गर्दी. अंत्यविधीला दहा माणसांची मर्यादा होती आणि यादीत मधुवंती अकरावी होती. निरोप द्यायला आता हा एकच कार्यक्रम उरला होता: किलमोराची गाणारी-वाजवणारी माणसं जगात जिथे जिथे पांगली, तिथून तिथून त्यांनी डोनलसाठी वाजवायचं आणि समितीने ते एकत्र गुंफून दाखवायचं.

"पण ताई, सात पिढ्यांचं त्यांना कोणी सांगितलं?"

मधुवंती मागच्या डेकवर बसलेल्या वडिलांकडे, अप्पांकडे बघत होती. तेजश्रीला तेव्हा आठवलं: मंगळवारी अप्पा तिच्या नवऱ्याच्या, शंतनूच्या लॅपटॉपसमोर दोन तास बसले होते, चहाला उठले नव्हते.

*

अप्पा, म्हणजे चंद्रहास, सनई पुसत होते. फेब्रुवारीत मुलाच्या घराची वास्तुशांत करायला ते आणि बायको पद्मा तीन महिन्यांसाठी आले, त्याला आता दहावा महिना लागला होता. विमानं बंद. गावच्या रवळनाथाच्या देवळात यंदा त्यांच्या घराण्याची सनई वाजली नव्हती. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केली पण जत्रेला रजा चुकवली नाही, आणि आता इथे मुलाच्या डेकवर बसून कांगारूंच्या देशात तुळशीचं लग्न वाजवायचं. वाजवू. निदान तेवढं तरी.

लेक तावातावाने येताना दिसली, तेव्हा त्यांना वाटलं, बातमी कळलेली दिसते. ते हसले.

"आलं का उत्तर? काय म्हणतात आयरिश मंडळी?"

त्यांच्या मनात खरोखर काही वावगं नव्हतं, हे सांगायला हवं. झालं होतं ते असं. समितीने प्रत्येक वादकाकडून एक तक्ता भरून मागितला होता आणि त्यात 'किलमोराशी नातं' असा एक रकाना होता. कोणी आजी लिहिली, कोणी पणजोबा. मधुवंतीने लिहिलं, 'डोनल हॅनराहनची शिष्या'. त्यावर समितीने गोड भाषेत विचारलं, तुमच्या नावापुढे 'पाहुणी' असं घातलं तर चालेल ना? उत्तर कसं लिहू, म्हणून तिने ते शंतनूकडे पाठवलं. शंतनूने ते जेवताना वाचून दाखवलं आणि चंद्रहासांनी हातातला घास परत ताटात टाकला. पाहुणी? माझी मुलगी पाहुणी? ज्यांना गाव सोडून साठ वर्षं झाली त्यांची नातवंडं घरची, आणि चौदा वर्षं तिथे बोटं झिजवलेली माझी मुलगी पाहुणी? कुणाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला खपवून न घेणारा हा माणूस. तो हे कसं खपवून घेणार? त्यांनी पत्र ठोकलं. आपल्या आजोबांचा सनई घेतलेला फोटोही जोडला.

"आलं," मधुवंती म्हणाली. "मला गटातून काढलं, अप्पा. तुमचं पत्र वाचून काढलं."

शंतनू बार्बेक्यू पुसायचा थांबला आणि फोन हातात घेऊन पत्र वाचू लागला. पद्मा वाती वळत होती, ती वळतच राहिली.

"थांब थांब," शंतनू म्हणाला. "दहा मिनिटं सोलो देतायत तुला. ताई, बेटर डील आहे ही! गटात तू पाचातली एक होतीस. इथे तू एकटी."

"मला एकटी नकोय."

"अगं पण..."

"शंतनू, मी त्यांच्यातली आहे हे मला सांगायचं होतं. यांनी लिहिलं की मी त्यांच्यातली नाही, आणखी कुठली तरी मोठी आहे. 'माझ्या मुलीला कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही.' असंच लिहिलंत ना, अप्पा? त्यांनी पाठवलंय मला, खाली जोडलंय सगळं. 'संगीत तिच्या रक्तात आहे.' मग त्यांना वाटलं, बरं झालं! हिचं रक्त दुसरीकडचं आहे, मग हिला दुसरीकडे बसवू. त्यांचाही प्रश्न सुटला, तुमचाही मान राहिला."

"मी तुझ्या बाजूने लिहिलं," चंद्रहास म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "तुला पाहुणी म्हणाले ते! घराणं काय ते यांना कोणीतरी शिकवायला नको? दीडशे वर्षांची आमची..."

"घराणं त्यांना शिकवायला निघालात? ते घराणं मानतातच, अप्पा, तेच तर मी चौदा वर्षं सांगतेय! डोनेगलचे लोक तोडून, झपाझप वाजवतात. किलमोराचे सावकाश. गावचा रस्ता चढाचा, म्हणून ट्यूनसुद्धा दमादमाने जाते, असं डोनल म्हणायचा. मी जरा घाई केली की तो फिडल खाली ठेवायचा आणि म्हणायचा, धावायचं असेल तर डोनेगलला जा, आपण चालतो. आपण, अप्पा. त्याच्या 'वी'त मीही असायचे."

या 'आपण'ची घरात थट्टा व्हायची. मधूचं आपण म्हणजे कोणतं, भारतातलं की आयर्लंडातलं, असं शंतनू नेहमी विचारायचा.

"आणि मी देवळातलं काय वाजवू?" मधुवंती म्हणाली. "सांगा ना. दहा मिनिटं दिलीत मिळवून, आता सांगा. तुम्ही मला काय शिकवलंय, ते वाजवते."

चंद्रहासांनी सनई मांडीवर आडवी ठेवली. "शिकवलं नाही म्हणून काय झालं. रक्तात असतं ते."

"रक्तात हिमोग्लोबिन असतं. मी पॅथॉलॉजीत आहे, रोज बघते."

तेजश्रीला हसू आलं. तिने ते सुतळीत गुंडाळलं.

*

पद्मा चव्वेचाळीस वर्षं या घरात वाती वळत आली होती आणि भांडणं निववत आली होती. तिची पद्धत साधी होती. दोन्हीकडच्यांना चहा द्यायचा आणि विषय जेवणावर आणायचा. आताही ती उठणार होती. तेवढ्यात घरातून मैथिली बाहेर आली.

तेरा वर्षांची पोर, परकर-पोलकं घातलेलं, त्याखाली शाळेचे पांढरे बूट. हातात दुसरी सनई.

"आजोबा, आय ॲम रेडी! ओह, आत्या! यू कान्ट बी हिअर येट, इट्स अ सरप्राइज!"

सरप्राइज म्हणजे हे होतं. लॉकडाऊनमध्ये आजोबांनी नातीला सनई धरायला शिकवली होती. रोज दुपारी चार वाजता, ऑनलाइन शाळा संपली की. पोरीने चिकाटीने तीन महिने गाल दुखवून घेतले आणि आता तिला नुसता आधाराचा एक सूर, न तुटता, धरता येत होता. आज लग्नाला ती आजोबांच्या शेजारी बसून तो धरणार होती. पद्माला हे माहीत होतं. आणि हे मधूला कसं लागेल, हेही माहीत होतं. तरी ती काही बोलली नव्हती.

मधुवंतीने भाचीकडे बघितलं. मग सनईकडे. मग खूप हळू आवाजात म्हणाली, "छान. खूप छान, मैथिली. किती दिवस झाले?"

"सिन्स ऑगस्ट."

"ऑगस्ट." म्हणजे डोनल गेला तो महिना.

चंद्रहास म्हणाले, "काळ बदलला, मधू. आता मुलगा-मुलगी असं काही राहिलं नाही."

"काळ बदलला नाही, अप्पा. तुम्हाला लॉकडाऊनमध्ये कंटाळा आला."

"ताई!" शंतनू म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुला रोज सकाळी खेचून बसवायचे. तू रडायचास. मी दाराआड उभी राहून शिकायचे. अकरा वर्षांची होते. एक दिवस तू आंघोळीला गेलास आणि मी तुझी सनई उचलली आणि वाजवली. लग्नाची ती सगळी चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अप्पा दारात उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, अरे वा." ती थांबली. "तुम्ही सनई माझ्या हातातून घेतलीत. काही बोलला नाहीत. रागावलासुद्धा नाहीत. तोंडात धरतात ती पत्ती काढलीत, खिडकीतून टाकून दिलीत आणि नवी लावलीत. माझं तोंड लागलं होतं म्हणून. देवाची सनई ना ती."

मैथिलीने हातातल्या सनईकडे बघितलं आणि ती तोंडापासून जरा लांब धरली. हे पद्माला बघवलं नाही.

"तेव्हाचं तेव्हा," चंद्रहास म्हणाले. "रीतच होती. आमच्या सात पिढ्यांत कुठल्या बाईने..."

"सात पिढ्या मोजल्यात," पद्मा म्हणाली, "त्यांत सासूबाई कुठल्या पिढीत बसवल्यात?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. वातींचं तबक तिने बाजूला ठेवलं होतं.

"पद्मा, मध्ये पडू नकोस."

"चव्वेचाळीस वर्षं मध्येच आहे मी. मधू, ऐक. हे नऊ वर्षांचे असताना तुझ्या आजोबांना अर्धांग झालं. ओठ वाकडा झाला. फुंकता येईना. मग यांना कोणी शिकवलं? आजोबांनी? ते बाजल्यावर पडलेले. सासूबाईंनी शिकवलं. त्यांना सगळं येत होतं. पहाटेचं, आरतीचं, पालखीचं, सगळं. भाकऱ्या थापता थापता गाऊन दाखवायच्या. आणि बोटं कुठे उचलायची ते लाटण्यावर दाखवायच्या, कारण सनईला हात लावायचा नाही. लाटण्याला लावलेला चालतो! मी नवी नवरी आले तेव्हा त्यांनीच मला ते लाटणं दाखवलं. आठ ठिकाणी कोळशाच्या खुणा होत्या. म्हणाल्या, हे कुणाला सांगू नकोस, चंद्रहासला कमीपणा येईल. मी नाही सांगितलं. पोरीची पत्ती खिडकीतून गेली तेव्हासुद्धा नाही सांगितलं. ते माझं चुकलं."

तिला धाप लागली होती. आयुष्यात पहिल्यांदाच एवढं एका दमात बोलली असेल.

"अप्पा," शंतनू हळूच म्हणाला, "हे खरं आहे?"

चंद्रहासांनी सनईच्या भोकांवर बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. 'नाही' म्हणणं शक्यच नव्हतं.

*

घड्याळात सहा वाजत होते. आयर्लंडात सकाळचे सात. समिती यादी आज पक्की करणार होती.

"लॅपटॉप आण," मधुवंती शंतनूला म्हणाली. "अप्पा दुसरं पत्र लिहितील."

"मी लिहितो ना. मी ड्राफ्ट करतो, अप्पा सही..."

"त्यांनी लिहिलंय, ते निस्तरतील."

डायनिंग टेबलवर फराळाचे डबे सरकवून जागा केली. चंद्रहासांनी चष्मा लावला. ते एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक अक्षर तपासत. मधुवंती मागे उभी राहिली. सरकारी इंग्रजीत पत्र सुरू झालं: आदरणीय मॅडम, माझ्या मंगळवारच्या पत्राच्या संदर्भात काही गैरसमज झाल्याचं...

"गैरसमज नाही," मधुवंती म्हणाली. "त्यांना नीटच समजलं. खोडा."

त्यांनी खोडलं.

"लिहा, मी माझ्या मुलीला शिकवलं नाही."

बोट हवेत राहिलं. बाहेर तेजश्री मैथिलीला काहीतरी समजावत होती, त्याचा आवाज येत होता. मग बोट खाली आलं. 'मी माझ्या मुलीला शिकवलं नाही.' ते लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने पूर्णविराम दोनदा तपासला.

"लिहा, ती अकरा वर्षांची असताना तिने मागितलं होतं आणि मी दिलं नाही."

"तेही?"

"तेही."

"ताई, इनफ," शंतनू म्हणाला. "बहात्तर वर्षांचे आहेत ते. घरातलं परक्या लोकांना कशाला? तुला गटात घ्या एवढं लिहिलं की झालं."

"एवढं मी लिहिलं होतं. त्यांनी मला पाहुणी केलं."

"शंतनू, तू गप," पद्मा दारातून म्हणाली. "तुला ताटात वाढून मिळालं होतं. तू टाकलंस. तुला आज बोलायचं काम नाही."

खरं तर शंतनूला बरंच वाटलं. इतकी वर्षं सगळे त्याला विचारत आले होते की तू सनई का सोडलीस, आणि त्यालाच ठाऊक होतं की त्या घरात सनई येणारं पोर एकच होतं आणि ते तो नव्हता. ती अकरा वर्षांच्या पोरीने वाजवलेली चाल त्याने न्हाणीघरातून ऐकली होती. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. आताही सांगितलं नाही.

चंद्रहासांनी पुढचं कोणी न सांगता लिहिलं. तिला जे येतं ते सगळं श्री. हॅनराहन यांनी तिला दिलेलं आहे. माझ्या घराण्यातलं तिच्याकडे काही नाही, तेव्हा कृपया तिला माझ्या घराण्याच्या नावाने बसवू नये. श्री. हॅनराहन यांचे शिष्य जिथे बसतात तिथे तिला बसवावं. आजोबांचा फोटो परत पाठवू नये, ती प्रत आहे.

हे शेवटचं वाक्य मधुवंतीने राहू दिलं.

पत्र गेलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. फिडेल्माबाईंनी नाश्ता करता करता लिहिलं असावं, कारण यावेळी उद्गारचिन्हं कमी होती. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यांनी लिहिलं होतं. मधुवंतीचं नाव गटात, पाहुणी शब्द काढला आहे. उद्या नऊ वाजता, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर. शेमसला डफ घेऊन मागे उभं राहायला सांगते.

तेजश्रीने "येस!" म्हणून ओरडून नणंदेला मिठीच मारली. शंतनू "नो वरीज, मी सांगितलंच होतं" असं काहीबाही म्हणाला, जे त्याने सांगितलं नव्हतं. मधुवंती मात्र फोनकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि राग तसाच होता.

"चौदा वर्षं मी वाजवतेय त्यांच्यात," ती म्हणाली. "मी सांगितलं की मी डोनलची शिष्या, तर ते पुरलं नाही. बापाने लिहून दिलं की ही माझी नाही, तेव्हा पुरलं. तिकडेही बापच लागला."



*

गुरुजी सिडनीच्या क्वेकर्स हिलहून टॅबवर प्रकट झाले होते आणि पाच मिनिटं नुसते ओठ हलवत होते. शेवटी मैथिलीने त्यांना अनम्यूट करायला सांगितलं. ऊन अजून कडक होतं. मेलबर्नच्या नोव्हेंबरात गोरज मुहूर्त कधी यायचा, म्हणून कुंपणाची सावली तुळशीवर पडली की गोरज असं ठरलं. कागदी उसाच्या मांडवाखाली कुंडी, तिला हळद-कुंकू, समोर कृष्णाची मूर्ती आणि शंतनूने धरलेला टॉवेलचा अंतरपाट. अक्षता सगळ्यांच्या हातात दिल्या गेल्या.

चंद्रहास पाटावर बसले. शेजारच्या पाटावर मैथिली बसेना.

"आय डोन्ट वॉन्ट टू," ती म्हणाली. "आत्या शुड."

चंद्रहासांनी दुसरी सनई उचलली. तिची पत्ती काढली नाही, पुसली नाही. ती तशीच लेकीपुढे धरली. "मधू. सूर धर."

सगळ्यांना वाटलं, आता ती घेईल. पद्माने तर डोळ्याला पदरही लावला.

"नको," मधुवंती म्हणाली. "सत्तावीस वर्षं उशीर झाला, अप्पा. माझ्याकडे आता माझं आहे." तिने ती सनई त्यांच्या हातातून घेतली आणि भाचीला दिली. "तू धर, मैथिली. तू मेहनत केलीयेस. तुझा काही दोष नाही."

मैथिली बसली. गुरुजी टॅबमधून म्हणाले, "वाजंत्री, सावधान."

चंद्रहासांनी सनई ओठांना लावली.

"थांबा," मधुवंती म्हणाली. "आमच्यात वाजवायच्या आधी नाव घेतात. कोणाकडून घेतलं ते. उद्या मी म्हणेन, ही ट्यून मला डोनलकडून मिळाली, त्याला त्याच्या नोरा आत्याकडून, तिला गावच्या पोस्टमनकडून. नाव न घेता वाजवलं तर डोनल म्हणायचा, चोरीचं आहे."

गुरुजींना काय चाललंय ते कळेना. मुहूर्त टळतोय असं ते म्हणाले, पण ते कोणी ऐकलं नाही.

चंद्रहासांनी सनई खाली घेतली. वडिलांचं नाव घ्यायचं, मग फोटोतल्या आजोबांचं, मग पणजोबांचं, तोंडपाठ होतं ते. जत्रेत दर वर्षी घेत आले होते. त्यांनी पद्माकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही.

"हे मी माझ्या आईकडून घेतलं," ते म्हणाले. "सत्यभामा तिचं नाव. तिला सगळं येत होतं." पुढचे शब्द जड गेले. "तिने कधी सनई हातात धरली नाही."

"धरली नाही?" मधुवंतीने विचारलं.

शंतनूच्या हातातला अंतरपाट जरासा खाली आला. चंद्रहासांनी लेकीकडे बघितलं.

"आम्ही धरू दिली नाही," ते म्हणाले, आणि वाजवू लागले.